भूसुरुंग, उपग्रह आणि डिजिटल नकाशे : पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचं तंत्र, शिकणारी मुलंमुली भरपूर आहेत. खडकी, दापोडी, दिघी हा लष्करी अभियांत्रिकी संस्थांचा पट्टा इथेच असल्यामुळे सुरुंगांशी आयुष्यभर संबंध आलेली माणसंही शहरात बरीच भेटतात. या दोन्ही मंडळींशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मी नकाशाच्या बाजूचा माणूस आहे. शेतात गुडघे टेकून सुरुंग काढणाऱ्यांचं काम मी ऐकून आणि वाचून जाणतो, हे लक्षात ठेवून उत्तरं वाचावीत.

उपग्रहाच्या फोटोत सुरुंग दिसतो का?

नाही. सोव्हिएत बनावटीचा पीएमएन हा माणसांविरुद्ध वापरला जाणारा सुरुंग साधारण ११ सेंटिमीटर व्यासाचा असतो. ‘फुलपाखरू’ म्हणून ओळखला जाणारा पीएफएम-१ तळहातावर मावेल एवढा. आज विकत मिळणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या उपग्रह प्रतिमेत एक पिक्सेल सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो. २०१९ मध्ये सोडलेला आपला कार्टोसॅट-३ त्याच घरातला. कुणालाही फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेत पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जवळजवळ एक गुंठा जमीन. त्यात सुरुंग जमिनीखाली पुरलेला, वर वर्षानुवर्षांचं गवत. तेव्हा ‘उपग्रहानं सुरुंग शोधले’ अशी बातमी वाचलीत तर ती देणाऱ्याला काम नीट कळलेलं नाही, असं खुशाल समजा.

मग उपग्रहाचा उपयोग तरी काय?

सुरुंग कुठे नाहीत हे ठरवायला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग होतो. या कामातला सर्वात महागडा भाग तोच आहे.

आधी वेळेचा हिशेब बघा. मेटल डिटेक्टर घेऊन काम करणारा प्रशिक्षित माणूस दिवसाला साधारण १० ते ५० चौरस मीटर जमीन तपासतो. माती कशी आहे, धातूचा कचरा किती आहे, गवत किती माजलं आहे यावर ते अवलंबून. म्हणजे एका गुंठ्याला दोन ते दहा दिवस. चाळीस गुंठ्यांच्या एका एकराचा हिशेब तुम्हीच मांडा.

आता युक्रेन घ्या. २०२२ च्या आक्रमणानंतर तिथल्या सरकारनं सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर प्रदेश संशयित धरला होता. हे क्षेत्र अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त भरतं. तेवढी जमीन हातानं तपासायची म्हटली तर पिढ्या जातील. पण त्यातल्या बहुतांश जमिनीत सुरुंग नाहीतच. फक्त कुठल्या भागात नाहीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे सर्वेक्षण होत गेलं तसा तो आकडा १,४०,००० च्या खाली आला. ही घट प्रामुख्यानं नोंदी, चौकशी, प्रतिमा आणि नकाशे यांच्या बळावर झाली.

एखादा तुकडा एकदा संशयित म्हणून नकाशावर चढला की सातबाऱ्यावर बोजा चढल्यासारखी गत होते. जमीन असते, पण ना कसता येते ना विकता येते, आणि बोजा उतरवायचा तर पुराव्याचा कागद लागतो. उपग्रह प्रतिमा हा त्या पुराव्यातला एक कागद आहे.

संशयित जमीन तपासून मोकळी करण्याचे तीन टप्पे आहेत. आधी माणसांकडे चौकशी आणि कागदपत्रं, मग यंत्रांनी किंवा श्वानांनी ठरावीक पट्ट्यांत तपासणी, आणि शेवटी जिथे पुरावा मिळाला तिथेच प्रत्यक्ष सफाई. पहिल्या टप्प्यात जितकी मेहनत घ्याल तितके तिसऱ्या टप्प्यातले दिवस वाचतात. या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी देशांत घाईघाईनं मोठमोठे गोल आखून जमिनी संशयित ठरवल्या गेल्या आणि नंतर फेरसर्वेक्षणात त्यातले मोठे भाग काहीही न सापडता सोडावे लागले. मधल्या काळात तिथल्या लोकांची शेती बुडाली ती बुडालीच.

प्रतिमेत नेमकं काय शोधतात?

सुरुंग सहसा कारणाशिवाय कुणी पेरत नाही. लष्कराचा तळ वाचवायला, पूल अडवायला, विजेच्या मनोऱ्यांभोवती, धरणाच्या भिंतीशी, शत्रूचे रणगाडे येतील त्या मोकळ्या मैदानात सुरुंग पेरले जातात. त्यामुळे आधी लढाईच्या खुणा शोधायच्या: खंदकांच्या नागमोडी रेषा, मातीचे बांध, तोफगोळ्यांचे खड्डे, जळालेल्या गाड्या, नवे फुटलेले चाकोरीचे रस्ते. लढणाऱ्या दोन फळ्यांच्या मधली जागा कुठली हे एकदा कळलं की नकाशावरचा संशय आपोआप एका पट्ट्यात गोळा होतो.

दुसरी मोठी खूण म्हणजे पडीक शेत. चारी बाजूंना पिकं डोलताहेत आणि मधलाच एक तुकडा सलग काही वर्षं नांगरलेला नाही, तर गावकऱ्यांना तिथलं काहीतरी ठाऊक आहे असं मानायला जागा असते. हे पाहायला वनस्पती निर्देशांक वापरतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि नजरेला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या मोजमापातून प्रत्येक पिक्सेलचा हिरवेपणा आकड्यात काढता येतो. पिकाच्या शेतात हा आकडा पेरणीनंतर चढतो, काढणीला धाडकन खाली येतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा चढतो. पडीक जमिनीत तो पावसाबरोबर हळूहळू वर जातो आणि हळूहळू ओसरतो, मध्ये कापणीची एकदम घसरण नसते. काही वर्षं गेली की झुडपं वाढतात आणि उन्हाळ्यातही आकडा पूर्ण खाली येत नाही. पाच-सहा वर्षांचे आलेख एकाखाली एक ठेवले की डोळ्यांना फरक लगेच कळतो.

पण इथे सांभाळून. हाच प्रयोग पुरंदर तालुक्यावर करून बघा, पुण्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला घरबसल्या करता येतो. सासवडच्या आसपास अंजीर आणि सीताफळाच्या बागा हिरव्यागार दिसतील, आणि त्यांना खेटून कितीतरी तुकडे वर्षानुवर्षं पडीक. तिथे कुणी सुरुंग पेरलेले नाहीत. कुणाची विहीर आटली, कुणाच्या भावाभावांत वाटणीचा दावा कोर्टात पडून आहे, कुणी जमीन प्लॉटिंगवाल्याला विकली आणि कुंपण घालून तो गायब झाला. उपग्रहाला ही तिन्ही कारणं आणि सुरुंगाची भीती सारखीच दिसते. तुकडा पडीक आहे एवढंच प्रतिमा सांगते. का पडीक आहे ते गावातल्या माणसाला विचारावं लागतं. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांमध्येही नुसत्या दूरसंवेदनावर, म्हणजे दुरून घेतलेल्या प्रतिमांवर, कुठलीही जमीन संशयित किंवा मोकळी ठरवत नाहीत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एखाद्या संशयित तुकड्यावर लोक वर्षानुवर्षं नांगर फिरवताहेत आणि अपघात एकही नाही, तर तो यादीतून वगळण्यासाठी हा भक्कम आधार असतो. प्रतिमा इथे तारखेनिशी साक्ष देते.

जुन्या प्रतिमा मिळतात का? युद्ध तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असतं.

मिळतात, आणि या क्षेत्रात नव्या प्रतिमेपेक्षा जुनीच कधी कधी जास्त मोलाची ठरते. लँडसॅट या अमेरिकी मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला आणि तेव्हापासूनची मालिका अखंड चालू आहे. २००८ पासून तो सगळा साठा फुकट खुला आहे. त्याआधीच्या काळासाठी अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची छायाचित्रं १९९५ मध्ये गोपनीयतेतून बाहेर आली. कंबोडियात थायलंडच्या सीमेलगत १९८० च्या दशकात सुरुंगांचा जो अजस्र पट्टा पेरला गेला त्याला के-५ म्हणतात. तिथली झाडं त्या वेळी कापली गेली आणि आता जंगल परत उभं राहिलं आहे, त्यामुळे आजच्या फोटोवरून पट्टा ओळखणं अवघड. अशा ठिकाणी त्या काळातली प्रतिमाच कामाला येते.

लाओसचं उदाहरण थोडं वेगळं आहे. १९६४ ते १९७३ या काळात तिथे अमेरिकी विमानांनी २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. कुठल्या मोहिमेत कुठल्या अक्षांश-रेखांशावर काय टाकलं याच्या नोंदी संगणकात होत्या, आणि त्या पुढे खुल्या करण्यात आल्या. आज न फुटलेले क्लस्टर बॉम्ब (एका मोठ्या बॉम्बमधून विखुरणारे छोटे बॉम्ब) शोधणारी पथकं त्या नोंदी नकाशावर टाकूनच कामाची आखणी करतात. त्यात चुका आहेत, पण कोऱ्या नकाशापेक्षा कितीतरी बऱ्या.

पावसाळ्यात ढग असताना काय करतात?

रडार वापरतात. सेंटिनेल-१ सारखे उपग्रह स्वतःच रेडिओ लहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतात, त्यामुळे त्यांना ढग किंवा रात्र आड येत नाही.

पाऊस आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. पुरात आणि दरड कोसळल्यावर सुरुंग जागा बदलतात. मे २०१४ मध्ये बोस्नियात महापूर आला, शेकडो दरडी कोसळल्या आणि वीस वर्षांपूर्वीच्या युद्धातले सुरुंग मातीसोबत खाली सरकले. धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. तेव्हा प्रतिमांवरून पुराची आणि दरडींची व्याप्ती काढायची आणि सुरुंगांच्या नकाशावर ठेवून कुठला सुरुंग कुठे गेला असेल याचा अंदाज बांधायचा, असं काम करावं लागलं. ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं कखोव्का धरण फुटलं तेव्हाही द्नीप्रो नदीकाठचे सुरुंग खाली वाहत गेले. माळीणची दरड ज्या जिल्ह्यानं पाहिली त्या जिल्ह्यातल्या वाचकांना मातीचा एवढा मोठा लोंढा काय करू शकतो हे समजावून सांगायला नको.

ज्यांनी सुरुंग पेरले त्यांच्याकडे नकाशे असतातच ना? ते घेतले की झालं.

शिस्तीचं लष्कर नोंद ठेवतं. मिलिशिया, म्हणजे अनियमित सशस्त्र टोळ्या, आणि बंडखोर गट बहुधा ठेवत नाहीत. पण नोंद हातात आली तरी काम संपत नाही, उलट नकाशावाल्याचं खरं काम तिथून सुरू होतं. या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण पुण्यातल्या अभ्यासक्रमात शिकवल्या जाणाऱ्या आणि मुलांना रटाळ वाटणाऱ्या गोष्टी इथे कुणाचा तरी पाय वाचवतात.

सुरुंगक्षेत्राची पारंपरिक नोंद अशी असते: एक ठळक, न हलणारी खूण, म्हणजे पुलाचा कठडा, मैलाचा दगड, चर्चचा मनोरा. तिथून अमुक अंशाच्या दिशेनं अमुक मीटर गेलं की सुरुंगक्षेत्राचा पहिला कोपरा. तिथून पुढचा कोपरा, पुन्हा अंश आणि मीटर. सोबत रांगा किती, दोन सुरुंगांत अंतर किती, कोणत्या जातीचे. साधं वाटतं, पण बघा.

अंश होकायंत्रानं मोजलेले असतात, म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे इथे सराव केलेल्याला ही गोष्ट जाणवतच नाही. युक्रेनच्या मोठ्या भागात हा फरक ८ अंशांच्या आसपास आहे. ५०० मीटर लांबीच्या रेषेवर ८ अंश चुकले तर टोक सुमारे ७० मीटर बाजूला जातं. शिवाय हा फरक वर्षागणिक बदलतो, म्हणून सुरुंग पेरले त्या सालचा फरक घ्यावा लागतो, आजचा नाही.

पुढचा घोटाळा आधाराच्या चौकटीचा. अफगाणिस्तानात आणि पूर्व युरोपात कितीतरी जुने कागद सोव्हिएत नकाशांवर आखलेले आहेत. त्या नकाशांनी पृथ्वीचा आकार जसा मानला होता तसा जीपीएस मानत नाही. तेच अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये भरले तर जागा शंभर मीटरच्या घरात सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचीही तीच कथा. संगणक तक्रार करत नाही, नकाशा सुंदर दिसतो, आणि सुरुंगक्षेत्राची रेषा शेजारच्या शेतात जाऊन बसते.

आणि शेवटी साधी लेखनिकाची चूक. दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा एकनं चुकला की जागा सुमारे ११ मीटर हलते. दुसरा आकडा चुकला तर किलोमीटरभर. म्हणून भरलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसानं मूळ कागदाशी ताडून बघायची, ही शिस्त मला कुठल्याही नव्या तंत्रापेक्षा मोठी वाटते.

फॉकलंड बेटांवर १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनानं पेरलेल्या कितीतरी सुरुंगक्षेत्रांच्या नोंदी उपलब्ध होत्या. तरीही वाळूच्या टेकड्या सरकल्या, पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदल, आड आली, आणि शेवटचा सुरुंग निघायला नोव्हेंबर २०२० उजाडलं. ते काम करणाऱ्यांत मोठ्या संख्येनं झिंबाब्वेची माणसं होती.

मोबाईलचा जीपीएस चालतो का?

गावात जाऊन ‘अपघात साधारण या विहिरीजवळ झाला’ अशी नोंद करायला चालतो. सुरुंगक्षेत्राची हद्द आखायला चालत नाही. मोबाईल मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली किंवा दरीत त्याहून जास्त. हद्दीसाठी दोन उपकरणं जोडीनं लावून सेंटिमीटरपर्यंत अचूकता देणारी पद्धत वापरतात. आणि कागदावर कितीही अचूक आकडे असले तरी जमिनीवर खुंट्या, फिती आणि लाल-पांढरे दगड लावले जातातच. शेळ्या राखणाऱ्या पोराच्या हातात अक्षांश-रेखांश नसतात.

ही सगळी माहिती ठेवतात कशात?

जिनिव्हात १९९८ पासून मानवतावादी सुरुंगनिर्मूलनाचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र काम करतं. त्यांनी तयार केलेली इम्स्मा ही माहिती प्रणाली १९९९ मध्ये कोसोव्होत पहिल्यांदा वापरली गेली आणि आज ती सुरुंगग्रस्त देशांमध्ये सर्वाधिक वापरात आहे. तिची सध्याची आवृत्ती आर्कजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरवर उभी आहे. संशयित क्षेत्रं, खात्रीची क्षेत्रं, अपघात, सापडलेल्या वस्तू, मोकळ्या झालेल्या जमिनी हे सगळं त्यात थरांच्या रूपात साठतं. त्यावर शाळा, पाणवठे, दवाखाने, बाजाराचे रस्ते यांचे थर ठेवले की आधी कुठे काम करायचं हे ठरवता येतं. माझ्या मते जीआयएसचं खरं चीज इथे होतं. पाण्याला जाणाऱ्या पायवाटेवरचे तीन सुरुंग हे निर्मनुष्य डोंगरावरच्या तीनशे सुरुंगांपेक्षा आधी निघाले पाहिजेत, आणि हे वाद न घालता दाखवून देता येतं ते नकाशावर.

ड्रोननं तर सुरुंग सापडतात म्हणे?

काही ठिकाणी, हो. ड्रोन जमिनीपासून काही मीटरवरून उडतो, त्यामुळे पिक्सेल सेंटिमीटरभराचा होतो आणि जमिनीवर पडलेली वस्तू दिसू शकते. उष्णता टिपणारा कॅमेरा लावला तर आणखी एक गोष्ट साधते. पुरलेला सुरुंग भोवतालच्या वाळूपेक्षा वेगळ्या गतीनं तापतो आणि निवतो, त्यामुळे दिवसाच्या ठरावीक वेळी तो वेगळा ठिपका म्हणून उमटतो. ‘ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन’ या संस्थेनं उत्तर चाडच्या वाळवंटात असे ड्रोन उडवून वाळूखालचे सुरुंग टिपले आहेत.

पण ते वाळवंट होतं. उघडी कोरडी वाळू, दिवसा भाजणारी आणि रात्री गारठणारी. ओल्या मातीत, गवतात, झाडीत ही युक्ती लंगडी पडते. आपल्या मावळातल्या श्रावणात तर विचारूच नका.

एआय हे काम आता स्वतः करेल का?

खंदक आणि खड्डे शोधण्यात, पडीक शेतं वेगळी काढण्यात, ड्रोनच्या हजारो फोटोंमधून संशयास्पद ठिपके निवडण्यात एआयची चांगली मदत होते. माणसाचे डोळे थकतात, यंत्राचे थकत नाहीत.

तरी मी इथे सावध आहे, आणि तुम्हीही असावं. दुसऱ्या क्षेत्रात शंभरातले पंच्याण्णव बरोबर आले की टाळ्या पडतात. इथे उरलेले पाच जमिनीत राहतात. शिवाय मॉडेल ज्या प्रदेशातल्या नमुन्यांवर शिकलं त्याच्या बाहेर गेलं की गोंधळतं. युक्रेनच्या काळ्या मातीवर शिकलेलं मॉडेल अंगोलाच्या तांबड्या मातीत काय दिवे लावेल याची खात्री नाही. म्हणून कुठे आधी जाऊन बघायचं हे एआयला विचारावं. कुठली जमीन सुरक्षित आहे हे विचारू नये.

म्हणजे शेवटी माणूस लागतोच?

लागतोच. एक मीटर रुंदीची पट्टी आखलेली असते. तो तिच्या तोंडाशी बसतो. आधी पायात अडकून सुरुंग उडवणारी तार आहे का ते पाहतो, मग हातभर गवत कापून उचलतो, मग डिटेक्टर फिरवतो. आवाज आला की जागा नेमकी करतो आणि बाजूनं, तिरक्या कोनात, माती थोडी थोडी उकरत त्या वस्तूपर्यंत जातो. बहुतेक वेळा निघतो खिळा, काडतुसाची टोपी, सार्डिनच्या डब्याचा तुकडा. एका सुरुंगामागे असे शेकडो आवाज. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू इतका कमी असतो की डिटेक्टर फार संवेदनशील ठेवावा लागतो, आणि मग कचराही तितकाच बोलतो. जड चिलखत, तोंडावर जाड काच, डोक्यावर ऊन.

श्वान आणि उंदीर या कामात खूप मदत करतात. टांझानियात प्रशिक्षण मिळालेल्या मगावा नावाच्या आफ्रिकी उंदरानं कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेले स्फोटक गोळे हुडकले, आणि २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. उंदीर स्फोटकाचा वास ओळखतो, धातूच्या कचऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

नकाशा चांगला असेल तर हा माणूस, हा उंदीर योग्य शेतात असतो. एवढीच आमची भूमिका, पण ती छोटी नाही.

कुठला देश खरंच सुरुंगमुक्त झाला आहे का?

झालेत. आपला शेजारी नेपाळ जून २०११ मध्ये, मोझांबिक सप्टेंबर २०१५ मध्ये. मोझांबिकला या कामात उंदरांची पथकंही होती. श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपल्यावर जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू भागात काम सुरू आहे, आणि तिथे भारतीय लष्करातल्या निवृत्त इंजिनिअर मंडळींच्या संस्थांनीही सुरुंग काढले आहेत.

भारताची भूमिका काय आहे?

माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात सह्यांसाठी खुला झाला आणि १ मार्च १९९९ पासून लागू झाला. या बंदीसाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय चळवळीला आणि तिच्या जोडी विल्यम्स यांना १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं. भारतानं या करारावर सही केलेली नाही. पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिकाही त्याबाहेर आहेत. भारत दुसऱ्या एका करारात आहे, जो सुरुंगांवर पूर्ण बंदी घालत नाही, पण सुरुंग डिटेक्टरला सापडेल इतका धातू त्यात असावा, म्हणजे किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका, आणि सुरुंगक्षेत्रांच्या नोंदी ठेवाव्यात असं बंधन घालतो.

डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम या लष्करी जमवाजमवीत पश्चिम सीमेवर लाखो सुरुंग पेरले गेले. पुढे ते काढताना जवान जखमी झाले, काही गेले, आणि सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या काळात अडकून पडल्या. २०२५ मध्ये रशियाच्या भीतीनं पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याची प्रक्रिया केली. सुरक्षेचा त्यांचा धाक खोटा नाही. तरी आज पेरलेला प्रत्येक सुरुंग तीस वर्षांनी कुणाला तरी गुडघे टेकून काढावा लागणार आहे, आणि या बातमीनं मला मनापासून वाईट वाटलं.

पुण्याचा या विषयाशी संबंध कसा?

खडकीत बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलाचं केंद्र आहे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दिघीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिथे ‘दक्ष’ हा स्फोटकं हाताळणारा रोबो तयार झाला. बॉम्बे सॅपर्सचेच सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे निघाले तेव्हा रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढायचं काम त्यांच्याकडे होतं. मांडीला जखम झालेली असताना, गोळीबारात, त्यांनी दिवसरात्र वाट मोकळी केली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं ते पुण्यातच.

आणि वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र. १९४४ पासून इथे सैनिकांना कृत्रिम हातपाय बसवले जातात, नागरिकांनाही. सुरुंगानं पाय गेलेले किती जवान इथे पुन्हा चालायला शिकले असतील. जीआयएसच्या मुलांनी एकदा तरी या केंद्राबद्दल वाचावं असं मी नेहमी सांगतो. अकरा मीटरच्या चुकीचा अर्थ तिथे कळतो.

गडचिरोलीतल्या भूसुरुंगांनाही हीच पद्धत लागू पडते का?

थोडीच. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. ती स्फोटकं सैन्यानं रांगेत पेरलेल्या सुरुंगांसारखी नसतात. ती हातानं बनवलेली, एकेकटी, रस्त्यात किंवा मोरीखाली ठेवलेली असतात; त्यांचा ना नमुना असतो ना नोंद. आधीच्या घटनांचे नकाशे आणि रस्त्यांची माहिती उपयोगी पडते, पण तो विषय सुरक्षा दलांचा आहे, युद्ध संपल्यावर होणाऱ्या सुरुंगनिर्मूलनाचा नाही. त्याच्या तपशिलात जाहीर पानावर जाणं योग्य नव्हे.

मी पुण्यात बसून काही करू शकतो का?

होय, आणि त्यासाठी फार सामग्री लागत नाही. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप या मदतकार्यासाठी खुले नकाशे बनवणाऱ्या गटाच्या मोहिमांमध्ये स्वयंसेवक उपग्रह प्रतिमा पाहून घरं, रस्ते, पायवाटा आखतात. संकटग्रस्त भागांचे मूळ नकाशेच अनेकदा नसतात. घरं कुठे आहेत हे कळल्याशिवाय कुठल्या सुरुंगाचा धोका कुणाला हे कळत नाही. क्यूजीआयएस हे नकाशा सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल आणि लँडसॅटच्या प्रतिमा फुकट आहेत, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीयांना भूस्थानिक माहिती तयार करणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. प्रतिमेवरून ‘इथे सुरुंग असावा’ किंवा ‘इथे काही नाही’ असं सार्वजनिक नकाशावर कधीही लिहू नका. पहिल्यानं एखाद्याची शेती बंद पडेल. दुसऱ्यावर विश्वास ठेवून कुणीतरी चालत जाईल.

या क्षेत्रात नोकरी हवी असेल तर नकाशा प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) आणि आधारचौकटी यांचं गणित पक्कं करा, डेटाबेस शिका, आणि जमल्यास फ्रेंच, पोर्तुगीज किंवा अरबी. अंगोलातल्या गावात मराठी-इंग्रजीवर भागत नाही.

ट्रेकला किंवा माळरानावर बॉम्बसारखं काही दिसलं तर?

पुणे जिल्ह्यात भूसुरुंगांचा धोका नाही, पण लष्कराच्या गोळीबार मैदानांच्या आसपास न फुटलेला तोफगोळा सापडू शकतो, आणि भंगार म्हणून असे गोळे उचलणाऱ्यांचे जीव गेले आहेत. हात लावू नका, दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आलात त्याच वाटेनं मागे फिरा, इतरांना अडवा, आणि सुरक्षित अंतरावरून ११२ ला फोन करा. पोलीस बॉम्ब शोधक व नाशक पथक किंवा लष्कराला बोलावतील. जागा सांगताना तुम्ही उभे आहात ते ठिकाण मोबाईलवरून कळवा, आणि वस्तू तिथून कुठल्या दिशेला व अंदाजे किती पावलांवर आहे ते वेगळं सांगा. जवळची ओळखीची खूणही सांगा: देऊळ, विजेचा खांब, बांधावरचं झाड. पथक येईपर्यंत एक माणूस दूर रस्त्यावर थांबला तर त्यांचा शोधण्यातला वेळ वाचतो.